जपानला निघालात? रामेनच्या दुकानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानचा व्हिसा हातात आला की आठवड्याभरात रामेनबद्दल, म्हणजे सुपातल्या जपानी नूडल्सबद्दल, माझ्याकडे विचारणा येतेच. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या आधी, फेब्रुवारीत तर रोज एखादी. शंका बहुतेक त्याच असतात, म्हणून त्या इथे एकत्र केल्या आहेत आणि प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत: रामेनमध्ये नूडल्सपेक्षा सूप मोठं. ते कित्येक तास, कधी आदल्या दिवसापासून उकळत असतं आणि गिऱ्हाईक आल्यावर त्यात काही बदलता येत नाही. तेव्हा बदल मागायच्या भानगडीत पडण्यापेक्षा आपल्याला चालेल असं दुकान निवडा.

१. रामेन म्हणजे शेवटी मॅगीच ना?

नाही, पण नातं आहे. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली तळून वाळवलेलं 'चिकन रामेन' बाजारात आणलं आणि झटपट नूडल्सचा जन्म झाला. आपल्याकडे १९८३ साली आलेली मॅगी त्याच वंशातली. दुकानातलं रामेन त्याहून बरंच जुनं. ते चिनी नूडल्सवरून आलं. टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० साली निघालेल्या 'राइराइकेन' या दुकानाने योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून ते सर्वसामान्यांपर्यंत नेलं.

वाडग्यात पाच गोष्टी असतात: हाडांचं किंवा माशांचं सूप, तळाशी आधी घातलेला खारट अर्क (त्याला 'तारे' म्हणतात), सुगंधी तेल किंवा चरबी, नूडल्स आणि वरच्या वस्तू. नूडल्स गव्हाच्याच, पण पिठात 'कान्सुइ' नावाचं क्षाराचं पाणी घालतात. आपल्या पापडखाराच्याच जातीचं ते. पिवळसर रंग, चिवटपणा आणि तो विशिष्ट वास त्याने येतो. अंडं घातल्यामुळे नूडल्स पिवळ्या असतात असं अनेकांना वाटतं. काही ठिकाणी अंडं असतंही, पण रंगाचं मुख्य कारण कान्सुइच.

२. शोयु, शिओ, मिसो, तोनकोत्सु. पहिल्यांदा काय घ्यावं?

मांसाहारी असाल तर शोयु घ्या. शोयु म्हणजे सोया सॉस. सूप बहुधा कोंबडीचं, तपकिरी, पातळ. जिभेला परकं वाटत नाही आणि पुढच्या सगळ्या रामेनची तुलना करायला मोजपट्टी मिळते. शिओ म्हणजे मीठ: सूप सर्वांत नितळ, चव हलकी. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली लापशीसारखी घट्ट गोष्ट: चव जड आणि उबदार.

ही तिन्ही नावं 'तारे'ची, म्हणजे तळाच्या अर्काची आहेत. तोनकोत्सु हे मात्र सुपाचं नाव. डुकराची हाडं खळाखळा उकळत ठेवली की चरबी आणि हाडांतला चिकटपणा पाण्यात एकजीव होतो आणि सूप दुधासारखं पांढरं होतं. दिसायला कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शाची आठवण होईल, पण तिथे पांढरेपणा नारळाच्या दुधाचा, इथे हाडांचा. त्या उग्र वासाने काही जण दारातूनच परततात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जीभ जरा रुळल्यावर खा. मला स्वतःला आज सर्वांत प्रिय तेच आहे.

३. तोनकोत्सु आणि तोनकात्सु एकच का?

नाही. तोनकोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचं सूप. तोनकात्सु म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेलं डुकराचं मांस, भात आणि कोबीबरोबर मिळतं. एका अक्षराने जेवण बदलतं.

४. दाराशी बटणांचं यंत्र आहे आणि सगळं जपानीत लिहिलंय. काय करू?

घाबरू नका. ते तिकिटाचं यंत्र. आधी पैसे घालायचे, मगच बटणं पेटतात. डावीकडचं सर्वांत वरचं बटण बहुधा त्या दुकानाच्या मुख्य रामेनचं असतं. नियम नव्हे, पण इतका रूढ संकेत की काहीच वाचता आलं नाही तर तेच दाबावं. 'तोकुसेइ' म्हणजे वरच्या सगळ्या वस्तूंसकट, 'ओओमोरी' म्हणजे जास्त नूडल्स, 'आजितामा' म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवलेलं अंडं. फोनचा कॅमेरा रोखून भाषांतर करून घेता येतं, पण मागे रांग असेल तर ते काम बाहेरच उरका.

तिकीट काउंटरवर ठेवा. सुटे पैसे आपोआप पडले नाहीत तर यंत्रावरची लहान दांडी फिरवा. हे दर वेळी कोणीतरी विसरतं.

५. यंत्र माझी नोट परत फेकतंय. नोट खोटी आहे का?

बहुधा नोट नवी आहे. ३ जुलै २०२४ पासून जपानमध्ये नव्या नोटा आल्या आणि लहान दुकानांतली सगळीच यंत्रं अजून त्यांना सरावलेली नाहीत. काही यंत्रं फक्त हजाराची नोट घेतात, दहा हजाराची नाही. उलट काही नवी यंत्रं पडद्यावर बोट लावून चालतात, इंग्रजीही दाखवतात आणि कार्ड घेतात. खिशात हजाराच्या दोन-तीन नोटा आणि नाणी असू द्या. अडलात तर 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणून नोट दाखवा, काउंटरमागून बदलून देतात.

६. किती खर्च येतो? टिप द्यायची का?

साधा वाडगा साधारण ८०० ते १,२०० येन. येनाचा भाव पन्नास-साठ पैशांच्या आसपास धरला तर चारशे ते सातशे रुपये. जपानी दुकानदारांमध्ये 'हजार येनाची भिंत' असा शब्दप्रयोग आहे: त्याच्या वर भाव नेला तर गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती. हाडं, पीठ, गॅस, मजुरी सगळं महागलं तरी कित्येक जण त्या भिंतीच्या आत राहायला झटतात. पाणी फुकट, बहुधा आपलं आपण घ्यायचं. टिप देऊ नका. पैसे विसरलात समजून मागे धावत येतील.

७. आम्ही शाकाहारी. 'मांस काढून द्या' म्हटलं तर चालेल ना?

चालणार नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि चुकाही इथेच होतात. 'नीकु नाशि', म्हणजे 'मांस नको', असं म्हटलं की ते वरचे चाशूचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप काढतील. सूप तेच राहील. त्यातली हाडं, सुकवलेले मासे, वर सोडलेली चरबी दिसत नाहीत, म्हणून ती नसतात असं नाही. 'यासाइ रामेन' या नावालाही फसू नका. यासाइ म्हणजे भाजी, पण ती भाजी त्याच सुपावर येते आणि बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते. वर गुलाबी नागमोडी रेघ असलेली पांढरी चकती दिसली तर ती 'नारुतो', माशाची.

एका काकूंनी तीन दिवस असं 'मांस काढलेलं' रामेन समाधानाने खाल्लं आणि चौथ्या दिवशी मुलाच्या मित्राने सूप कशाचं ते सांगितलं. त्यांचं रडणं मी फोनवर ऐकलंय. दुकानदाराने फसवलं नव्हतं. त्यांनी जे मागितलं तेच त्याने काढलं होतं.

विचारायचंच असेल तर हे म्हणा: 'नीकु तो साकाना वा ताबेमासेन. सूपु मो, दाशि मो दामे देस.' म्हणजे मांस-मासे खात नाही, सूप आणि दाशिसुद्धा चालत नाही. दाशि म्हणजे माशांचा किंवा समुद्री शेवाळाचा अर्क. हे ऐकून बहुतेक दुकानं नम्रपणे नाही म्हणतील. तो नकार प्रामाणिक असतो. आभार मानून पुढे चला.

८. मग शाकाहारी माणसाने रामेन खायचंच नाही?

खायचं, पण सूपच भाज्यांचं असेल तिथे. टोकियो स्टेशनच्या आत, केइयो स्ट्रीट या भागात 'टीज तानतान' हे पूर्ण व्हीगन दुकान आहे. तिळाच्या वाटणाचं तानतानमेन ही तिथली ओळख: दाट, किंचित झणझणीत, वर सोयाचा खिमा. तीळ आपल्या जिभेचे जुने सोबती, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांनाही ते आवडतं. दुकान तिकीट-फाटकाच्या आत आहे, म्हणून गाडी पकडायच्या दिवशीच बेत ठेवा. 'आफुरि' या साखळीत मुख्य रामेन कोंबडीच्या सुपाचं असलं तरी वेगळं व्हीगन रामेनही मिळतं. ऑर्डर देताना नीट तेच निवडा.

अशी दुकानं वाढताहेत, बंदही पडताहेत. निघायच्या दिवशी नकाशावर उघडी आहेत ना पाहा. आणि व्हीगन नूडल्स त्याच पाण्यात उकळल्या तर चालतील का, तेच भांडं चालेल का, हे घरूनच ठरवून निघा. फक्त व्हीगन दुकान आणि मिश्र दुकान यांतला फरक तिथेच आहे.

९. कांदा-लसूणही चालत नाही. जैन रामेन मिळेल?

व्हीगन म्हणजे कांदा-लसणाविना असं नाही. बहुतेक व्हीगन रामेनमध्ये दोन्ही असतात. जपानीत 'गोकुन' असा शब्द आहे: कांदा, लसूण आदी पाच उग्र वनस्पती. त्या टाळणारं जेवण 'ओरिएंटल व्हीगन' म्हणून ओळखलं जातं, तर 'गोकुन नाशि' असं विचारून पाहा. कंदमुळं पूर्ण वर्ज्य असतील तर रामेनचा हट्ट सोडा, असं मी मनापासून सांगते. सुपात गाजर-बटाटा-आलं काय गेलंय हे दुकानातल्या पोरालाही ठाऊक नसतं.

१०. आम्ही फक्त गोमांस खात नाही. मग रामेन निर्धास्त ना?

बहुतांशी हो. रामेनचं सूप मुख्यतः डुक्कर, कोंबडी आणि मासे यांचं असतं. पण अपवाद खरे आहेत. तोत्तोरि प्रांतात 'ग्यूकोत्सु रामेन' ही स्थानिक ओळख आहे, ग्यूकोत्सु म्हणजे गाईबैलाची हाडं. इतरत्रही 'ग्यू' हा उच्चार दिसला की थांबा आणि 'ग्यूनीकु हाइत्तेमास का?', म्हणजे यात गोमांस आहे का, असं विचारा.

११. डुक्कर नको, हलाल हवं. सोय आहे?

टोकियो, ओसाका, क्योतो इथे हलाल रामेनची दुकानं आहेत, सूप बहुधा कोंबडीचं असतं. नुसतं 'कोंबडीचं रामेन' मात्र पुरेसं नाही. 'तारे'मध्ये मद्य किंवा मिरिन (स्वयंपाकात वापरतात ती तांदळाची गोड दारू) असू शकतं, वरचे काप डुकराचे असू शकतात. दुकानावर हलाल असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

१२. ॲलर्जी असेल तर?

नूडल्स गव्हाच्या आणि सोया सॉसमध्येही गहू असतो, तेव्हा ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनी नेहमीच्या रामेन-दुकानात जाऊच नये. 'चूका सोबा' हे रामेनचंच जुनं नाव. त्यात 'सोबा' असलं तरी कुट्टूचं पीठ नसतं. पण शेजारी खऱ्या सोबा शिजत असतील तर पाणी एकच असू शकतं. तानतानमेनमध्ये तिळाबरोबर शेंगदाणेही असू शकतात. पाकीटबंद पदार्थांवर गहू, अंडं, दूध, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड यांची नोंद सक्तीची आहे. दुकानातल्या वाडग्याला ती सक्ती नाही. जिवावरची ॲलर्जी असेल तर जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा.

१३. चौघांत दोन वाडगे मागवून वाटून खाल्ले तर?

लहान दुकानात असं करू नका. आठ-दहा खुर्च्या, दुपारचे तीन तास, एवढ्यावर त्या माणसाचा संसार. बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एक वाडगा घ्यावा अशी अपेक्षा असते, काही ठिकाणी तशी पाटीही. लहान मुलाला आपल्यातलं द्यायला सहसा हरकत नसते. रिकामी वाटी मागा: 'तोरिझारा ओनेगाइशिमास'. बाबागाडी असेल तर टेबलं असलेली साखळी-दुकानं किंवा मॉलमधली जागा बघा. काउंटरवर तीन वर्षांचं मूल आणि उकळतं सूप हा धोकाच आहे.

१४. सुर्रकन आवाज करून खाल्लंच पाहिजे का?

सक्ती नाही. पण लाजूही नका. हवेबरोबर ओढल्याने नूडल्स निवतात आणि सुपाचा वास नाकापर्यंत जातो. भुरके मारत ताक-कढी पिणाऱ्या घरातल्यांना हे शिकवावं लागत नाही. चॉपस्टिक जमत नसतील तर 'फोकु आरिमास का?' विचारा. त्या भातात उभ्या मात्र खोचू नका, तसा भात तिथे मृतांसाठी ठेवतात.

फोटो एक काढा आणि लगेच खा. नूडल्स सुपात फुगत जातात, पाच मिनिटांनी तो पदार्थच वेगळा होतो. खाऊन झालं की वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवून, 'गोचिसोसामा देश्ता' (जेवणाबद्दल आभार) म्हणून उठायचं. गप्पा बाहेर.

१५. सूप संपवलं नाही तर अपमान होतो का? आईबाबांना बीपी आहे.

अपमान होत नाही. जपानी माणसंसुद्धा सर्रास सूप ठेवतात. सुपासकट एका वाडग्यात बऱ्याचदा ५ ते ६ ग्रॅम मीठ जातं, कधी जास्तही. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. त्यातलं बरंचसं मीठ सुपात असतं. म्हणून आईबाबांना नूडल्स, अंडं, भाजी खाऊ द्या, सुपाचे चार चमचे चवीला घेऊ द्या आणि बाकी ठेवू द्या. सूप बांधून मागू नका.

१६. 'बारीकाता', 'काएदामा' हे काय विचारतात?

फुकुओकाकडच्या, म्हणजे हाकाता पद्धतीच्या दुकानात नूडल्स बारीक असतात आणि किती कडक हव्यात ते विचारतात. 'यावा' मऊ, 'फुत्सू' नेहमीच्या, 'काता' कडक, 'बारीकाता' फारच कडक. पहिल्यांदा 'फुत्सू' म्हणा. काएदामा म्हणजे नूडल्सचा दुसरा गोळा, शे-दोनशे येनात. सूप मात्र तेच, म्हणून आधी ते संपवू नका. पहिल्या गोळ्यातले दोन-तीन भुरके उरले असतानाच मागवा. बारीक नूडल्स लवकर फुगतात म्हणून थोड्या थोड्या घ्यायची ही सोय आहे.

१७. आचाऱ्याने एकदम 'निन्निकु इरेमास का?' विचारलं आणि मी गोंधळले. काय उत्तर द्यायचं?

तुम्ही बहुधा 'जिरो' पद्धतीच्या दुकानात होता; मुख्य 'जिरो' टोकियोच्या मिता भागात आहे. प्रश्न आहे: लसूण घालू का? पण अपेक्षित उत्तरात लसूण, भाजी ('यासाइ'), चरबी ('आबुरा') आणि खारटपणा ('कारामे') हे सगळं येतं. काहीच सुचलं नाही तर 'सोनोमामा दे', म्हणजे आहे तसंच. वाडगा अवाढव्य असतो आणि टाकलेलं अन्न तिथे खटकतं. तिकीट देतानाच 'मेन हानबुन', म्हणजे नूडल्स निम्म्या, असं सांगा. पहिल्या दौऱ्यात हे दुकान टाळलंत तरी काही बिघडत नाही.

१८. दुपारी अडीचला पोचलो तर दार बंद. वेळ तर तीनपर्यंत लिहिली होती.

सूप संपलं. नावाजलेल्या मिसळवाल्याकडे दुपारी 'संपली' अशी पाटी लागते, तसंच. त्या दिवशी जेवढं उकळलं तेवढंच. अकराला, दार उघडायच्या सुमारास जा. रांगेत तिकीट आधी काढायचं की नंतर, हे दुकानागणिक बदलतं, पुढच्याकडे बघून ठरवा. एकाने उभं राहून चौघांची जागा धरू नये. मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये, आत ठेवायला जागा नसते.

१९. कोणत्या गावी कोणतं खावं?

साप्पोरोत मिसो. १९५० च्या दशकात तिथेच ते रुजलं. वर चरबीचा थर असतो, त्याने बर्फाळ रात्रीही सूप गरम राहतं, म्हणून पहिला घोट जपून. हाकोदातेत शिओ. फुकुशिमातल्या किताकातात चपट्या, कुरळ्या नूडल्स, आणि तिथे सकाळी न्याहारीलाही रामेन खातात. योकोहामात 'इएकेइ': तोनकोत्सु आणि शोयुचं मिश्रण, १९७४ साली सुरू झालेलं. नोरीचा, म्हणजे कागदासारख्या सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा सुपात बुडवून भाताबरोबर खायचा. वाकायामात टेबलावर माशाची सुशी आणि उकडलेली अंडी ठेवलेली असतात. हवी तेवढी घ्या, निघताना मोजून सांगा, तुमच्या शब्दावर पैसे घेतात.

क्यूशू बेटावर गेलात तर एक संध्याकाळ फुकुओकाच्या नाकासु भागातल्या नदीकाठच्या 'यताई'वर, म्हणजे हातगाडीवर काढा. तोनकोत्सुचा उगम जवळच्याच कुरुमेतला, १९३७ सालच्या अशाच एका गाडीवरचा. पाठीला पडदा, खांद्याला अनोळखी खांदा, समोर वाफ. मोठ्या दुकानात ते मिळत नाही.

२०. दिवस कमी आहेत. एकाच दिवशी तीन-चार प्रकार चाखता येतील?

हो. शिन-योकोहामाच्या रामेन संग्रहालयात. १९९४ साली उघडलेल्या या जागेत तळघरात १९५८ सालची गल्ली उभी केली आहे आणि तिच्यात जपानभरच्या पद्धतींची दुकानं आहेत. चवीपुरते लहान वाडगे मिळतात. प्रत्येक मोठ्याने प्रत्येक दुकानात आपला वाडगा घ्यायचा, हा नियम इथेही (प्रश्न १३). हलक्यापासून जडाकडे जा: शिओ, शोयु, मग मिसो, तोनकोत्सु शेवटी. उलट केलंत तर शिओची चव लागणारच नाही.

२१. घरी न्यायला काय घेऊ?

ताज्या नूडल्सच्या खोक्यात सुपाचा अर्क द्रवरूपात असतो, तो हातातल्या बॅगेत अडवला जाऊ शकतो. चेक-इन सामानात ठेवा. शाकाहारींनी पाकिटामागचे घटक कॅमेऱ्याने वाचावेत: 'पोर्क', 'चिकिन', 'कात्सुओ' (सुकवलेला मासा), 'राडो' (डुकराची चरबी) यांपैकी काही दिसलं तर परत ठेवा. चित्रावर फक्त भाजी असली तरीही.